‘पेट्टा’ : कोटाबाहेरच्या सोलापूरला मिळालेले इंग्रजी नाव (धागा)

१८१८ च्या मे महिन्यात जनरल थॉमस मन्रो आपली फौज घेऊन सोलापुरापुढे येऊन ठाकला. त्या मोहिमेच्या इंग्रजी वर्णनांत सोलापूर हे एकसंध शहर म्हणून क्वचितच येते. ते दोन तुकड्यांत येते. एका तुकड्याचे नाव ‘फोर्ट’, दुसऱ्याचे ‘पेट्टा’. पहिला शब्द आज शाळकरी मुलालाही कळतो. दुसऱ्यासाठी सुशिक्षित इंग्रजालाही कोश उघडावा लागेल. आणि गंमत अशी की, सोलापुरातल्या एखाद्या रिक्षावाल्यासमोर तो उच्चारला, तर कोश न उघडता त्याचा अर्थ निम्मा तरी त्याला कळेल.

निम्माच कळेल. उरलेला निम्मा कोणता, हाच या धाग्याचा विषय आहे.

प्रथम कोशातला अर्थ. किल्ल्याला लागून, पण किल्ल्याच्या तटाबाहेर वसलेली वस्ती म्हणजे ‘पेट्टा’. या वस्तीला बहुधा स्वतःचा वेगळा तट असे. तसा तो असला, म्हणजे किल्ला त्या शहराचा बालेकिल्ला ठरे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण हिंदुस्थानातील युद्धांच्या इतिहासात वारंवार भेटणारा शब्द म्हणून त्यात याची नोंद आहे. (या कोशाचे विचित्र नावही इथलेच. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी जसा टिपला, तसा तो मुखपृष्ठावर गेला. सोलापूरकरांना मोहरम काही नवा नाही. आपल्या गल्लीतला आवाज एका इंग्रजी कोशाचे शीर्षक झाला आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.)

‘पेट्टा’ म्हणजे आपली ‘पेठ’च, असे म्हणून अनेक जण येथेच थांबतात. समाजमाध्यमांवर तर याचा एक ठरीव प्रकार रूढ झाला आहे. एखादा इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे मूळ मराठीत दाखवायचे, छाती फुगवायची आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. हा खेळ निरुपद्रवी वाटतो, पण त्यात इतिहासाची हानी होते. शब्द कोणाकडून घेतला हा प्रश्न छोटा आहे. घेतल्यावर त्याचे काय केले, हा मोठा.

शिवाय तो छोटा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. तमिळमध्ये ‘पेट्टै’, कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’ आणि मराठीत ‘पेठ’ अशी ही चार सख्खी भावंडे आहेत. मूळ द्राविडी की संस्कृत, यावर कोशकारांचे एकमत नाही. इंग्रजांनी यांतले कोणते भावंड उचलले, ते मात्र शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून ओळखू येते. मराठी ‘पेठ’ व्यंजनावर संपते आणि तिच्यात महाप्राण ‘ठ’ आहे. इंग्रजी शब्दात तो ‘ठ’ नाही आणि शेवटी स्वर आहे. म्हणजे हा शब्द पुण्याकडून मुंबईमार्गे गेलेला नाही. तो मद्रासकडून, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून गेला आहे. रॉबर्ट ऑर्मने १७६३ मध्ये कर्नाटकातील युद्धांचा इतिहास छापला, तेव्हा त्याला हा शब्द वाचकांना समजावून सांगावा लागला. किल्ल्याशेजारच्या कोणत्याही गावाला कोरोमंडल किनाऱ्यावरचे लोक असे म्हणतात, अशा अर्थाचा खुलासा त्याने जोडला आहे. पुढच्या पिढीला खुलाशाची गरज उरली नाही. आर्थर वेलस्लीच्या काळापर्यंत तो सैनिकी पत्रव्यवहारातला रोजचा शब्द झाला होता.

रोजचा का झाला, हे कळण्यासाठी भुईकोटाचा वेढा कसा चालत असे, ते पाहावे लागते.

डोंगरी किल्ल्याला त्याचा कडा वाचवतो. सपाटीवरच्या कोटाला कडा नसतो. त्याला खंदक, दुहेरी तट, बुरूज आणि समोरचे मोकळे मैदान यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. हल्लेखोराची खरी अडचण ते मैदान असते, कारण तोफा तटाजवळ नेईपर्यंत माणसे उघड्यावर मरतात. पण कोटाला लागूनच शहर असेल, तर प्रश्न सुटतो. शहर एकदा हाती आले, की घरांच्या भिंती आडोसा देतात, गल्ल्या खंदकांचे काम करतात, वखारींत धान्य मिळते, विहिरींत पाणी मिळते, आणि तोफांचा मोर्चा किल्ल्याच्या अंगाशी उभारता येतो. शहराचा तट किल्ल्याच्या मानाने दुबळा, कधी नुसता मातीचा. त्यावर शिड्या लावून चढता येते. म्हणून इंग्रजी वेढ्यांचा ठराविक क्रमच बसून गेला : आधी पेट्टा, मग फोर्ट.

१७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले ते याच क्रमाने. ७ मार्चला पेट्टा पडला, २१ मार्चच्या रात्री किल्ला. टिपूने पेट्टा परत घेण्याचा प्रयत्न करून पाहिला, तो फसला. १८०३ मध्ये अहमदनगरला वेलस्लीने हेच केले. ८ ऑगस्टला पेट्ट्याच्या तटाला शिड्या लागल्या आणि चारच दिवसांनी किल्ला स्वाधीन झाला. त्या शहराच्या तटाला आतल्या बाजूने उभे राहायला धक्का नव्हता, त्यामुळे शिडीवरून वर पोहोचलेल्या शिपायांना पाय ठेवायला जागाच सापडेना. पहिल्या लाटेतल्या हायलँडर पलटणीचे त्यात हाल झाले. तरीही सारे काही थोड्या वेळात आटोपले.

या अहमदनगरच्या प्रसंगातूनच ‘पेट्टा’ शब्दाचा इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध उपयोग जन्माला आला. वेलस्लीच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूने एक मराठा सरदार आपल्या घोडदळासह होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘गोक्ला’ असे येते; म्हणजे बापू गोखले. त्यांनी पुण्याच्या स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रातला म्हणून एक मजकूर इंग्रजी ग्रंथांतून दोनशे वर्षे फिरतो आहे. त्याचा आशय असा, की हे इंग्रज विलक्षण लोक आहेत; सकाळी आले, पेट्ट्याचा तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतल्या शिबंदीला कापले आणि न्याहारीला परतले.

मजकूर चटकदार आहे, म्हणूनच तो टिकला. वेलिंग्टनच्या चरित्रांत तो येतो, लष्करी इतिहासांत येतो, कादंबऱ्यांच्या टिपांतही यायला हरकत नाही असा आहे. पण तो इंग्रजीतून येतो, ही गोष्ट विसरता कामा नये. गोखले मराठीत लिहिणार. त्यांच्या लेखणीतून जो शब्द उतरला असेल, तो ‘पेठ’ असेल, ‘शहर’ असेल किंवा ‘शहरपन्हा’ असेल; ‘पेट्टा’ तो खचित नव्हता. म्हणजे एका मराठी माणसाच्या तोंडी एक तमिळ घडणीचा इंग्रजी शब्द घातला गेला, आणि आज मराठी लेखक तेच वाक्य पुन्हा मराठीत आणताना तिथे ‘पेठ’ लिहून मोकळे होतात. शब्द घरी परतला असे वाटते. पण जो परतला तो दुसराच कोणी आहे.

त्या वाक्यात आणखी एक गोष्ट नाहीशी झाली आहे : शहरातली माणसे. तट आहे, शिबंदी आहे, न्याहारी आहे. जिथे हे घडले तिथे साळी, कोष्टी, सराफ, तांबट, धान्याचे अडते राहत होते, याचा पत्ता लागत नाही. अहमदनगरच्या पेट्ट्यात त्या दिवशी लूट झाली. ती थांबवण्यासाठी वेलस्लीने दोन शिपायांना वेशीतच फासावर लटकवले. फाशी दिली म्हणून शिस्तीचे कौतुक होते. फाशी देण्याइतके काय घडले होते, हे विचारायला चटकदार वाक्यात जागा नाही.

आता सोलापूर.

१८१८ च्या आरंभी दुसरा बाजीराव धावपळीत होता. जड तोफा आणि पायदळ बरोबर घेऊन पळता येत नाही, म्हणून ते सोलापुरास ठेवले गेले. फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्याच आष्टी येथे बापू गोखले लढताना पडले. पंधरा वर्षांपूर्वी मित्र म्हणून ज्यांच्या छावणीत बसून त्यांनी पेट्ट्याची ती गोष्ट लिहिली असे सांगतात, त्याच इंग्रजांच्या घोडदळाशी त्यांची ही शेवटची गाठ होती. आष्टीपासून सोलापूर दूर नाही. तीन महिन्यांत तीच गोष्ट तिथे पुन्हा घडणार होती.

मन्रो दक्षिणेकडून आला. बदामी फेब्रुवारीत घेतली, बेळगाव एप्रिलमध्ये. त्याची फौज मद्रास इलाख्याची आणि त्याची स्वतःची उमेद बारामहाल व कर्नाटकात गेलेली. म्हणून त्याच्या लोकांनी या शहराला ‘पेट्टा’ म्हणावे, हे सहजच होते. दक्षिणेतल्या प्रत्येक कोटाजवळ त्यांनी हेच म्हटले होते. सोलापूरच्या बाबतीत तर त्यात एक योगायोगही होता. हे शहर मराठीइतकेच कन्नडचे. इथल्या निम्म्या घरांत ‘पेटे’ म्हणत असतील. ज्या शहरात ‘पेठ’ आणि ‘पेटे’ एकाच चौकात ऐकू येतात, तिथे इंग्रजी शब्द परका असूनही ओळखीचा वाटला असेल.

शहराला तट होता, किल्ल्याला दुहेरी तट आणि खंदक, एका बाजूला सिद्धेश्वराचा तलाव. आत अरब शिबंदी. तटाच्या आश्रयाने बाहेर पेशव्यांचे पायदळ आणि तोफा, आणि त्यांवर गणपतराव पानसे. पानसे घराणे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचे वंशपरंपरागत प्रमुख. मन्रोने आधी बोलणे लावण्यासाठी एक देशी सुभेदार पाठवला. तो तटाखालीच मारला गेला. १० मेच्या पहाटे दोन तुकड्या शिड्या घेऊन शहराच्या तटावर चढल्या. शहर पडले. पानसे तोफा घेऊन शहराला वळसा घालून आले आणि त्यांनी बाहेरून मारा सुरू केला. मन्रोने राखीव पलटणीनिशी त्यांच्यावर चाल केली आणि त्यांना मागे रेटले. संध्याकाळ होता होता पेशव्यांचे पायदळ तळ सोडून निघाले. प्रिट्झलरच्या घोडदळाने पाठलाग करून त्यांना सीना नदीच्या बाजूला गाठले आणि त्या रात्री ती फौज फौज म्हणून उरली नाही. मग तोफा किल्ल्याकडे वळल्या. आठवड्याच्या आत किल्ला स्वाधीन झाला.

सगळा क्रम इंग्रजी पाठ्यपुस्तकासारखा. आधी पेट्टा, मग फोर्ट. व्हॅलेंटाइन ब्लॅकरने या युद्धाचा जो तपशीलवार वृत्तान्त १८२१ मध्ये छापला, तो आजही या मोहिमेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. तो वाचताना तरुण वाचकाने एकच सवय लावून घ्यावी : प्रत्येक वेळी ‘पेट्टा’ आला, की त्या जागी नुसते ‘सोलापूर’ वाचून पाहावे. ‘सोलापूर शिड्या लावून घेतले’, ‘सोलापुरातून किल्ल्यावर तोफा डागल्या’. वाक्याचा रंगच पालटतो. जे किल्ल्याचे अंगण वाटत होते, ते शहर होऊन उभे राहते.

आणि इथेच या शब्दाचा मुख्य दोष उघडा पडतो. ‘पेट्टा’ ही किल्ल्याच्या आधाराने, किल्ल्यामुळे, किल्ल्यानंतर आलेली वस्ती, असे त्याच्या व्याख्येतच गृहीत आहे. सोलापूरच्या बाबतीत हे साफ उलटे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी जिथे तलाव खोदवला आणि कन्नडमध्ये वचने रचली, ते सोन्नलिगे गाव तेव्हाच नांदते होते. आजचा भुईकोट बहमनी काळातला, म्हणजे चौदाव्या शतकातला. गाव आधी, तलाव आधी, किल्ला त्यांच्यानंतर दोनेकशे वर्षांनी. किल्ला गावाला चिकटला. गाव किल्ल्याला नव्हे. खंदकाला ज्याचा आधार मिळाला, तो तलाव लढायांसाठी खोदलेलाच नव्हता.

किल्ल्याची नंतरची कहाणी मोठ्या घराण्यांची आहे, म्हणून ती अधिक सांगितली जाते. आदिलशाहीच्या राजकन्येचे लग्न निजामशाहीत झाले, हुंड्यात सोलापूर कबूल झाले, दिले मात्र गेले नाही, आणि त्यावरून दोन्ही दरबार कित्येक दशके भांडले. पुढे चांदबिबीच्या लग्नात तोच किल्ला उलट दिशेने हुंड्यात गेला. गोष्ट रंगतदार खरी. पण किल्ला हुंड्यात देता येतो. बाजार देता येत नाही. किल्लेदार बदलले, की खालच्या विणकराला जकात दुसऱ्या माणसाकडे भरावी लागे, इतकाच फरक पडे.

मराठीतल्या ‘पेठ’ शब्दाचे मर्म याच बाजारात आहे. मराठीत पेठ ‘वसवतात’. कोणी तरी कौल देतो, काही वर्षे कर माफ करतो, शेटे-महाजन नेमतो, उदमी लोकांना बोलावून आणतो. पुण्याच्या पेठा पाहाव्यात. त्यांतली कोणतीही एखाद्या किल्ल्याच्या दाराशी म्हणून वसलेली नाही. शनिवारवाड्यालाही तट आहेत हे खरे, पण त्याच्याशेजारचा कसबा वाड्याहून कितीतरी जुना. पेठेला लागतो तो व्यापार, पाणी आणि भरवसा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही पेठेचा पहिला अर्थ उद्योग-व्यापाराचे गाव याच अंगाने जातो. हुंडीच्या व्यवहारात तर हा शब्द अगदीच वेगळ्या कामाला लागला आहे : हुंडी गहाळ झाली, तर तिची जी दुसरी प्रत काढायची ती ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’. पैशाचा कागद हरवला तरी व्यवहार मोडू नये, अशा योजनेचे हे नाव. तोफेच्या पल्ल्याशी त्याचा काही संबंध नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की मराठीत किल्ल्याशी जोडलेली पेठ अजिबात नाही असे नव्हे. कर्जतजवळचा कोथळीगड ‘पेठचा किल्ला’ म्हणूनच ओळखला जातो, कारण त्याच्या अंगाखांद्यावर पेठ नावाचे गाव आहे. रायगडावरच्या बाजारपेठेचे जोते पाहिल्यावाचून कोणी उतरत नाही. पण गंमत पाहा : कोथळीगडात किल्ल्याला नाव गावामुळे मिळाले. इंग्रजीत बरोबर याच्या उलट, गावाला ओळख किल्ल्यामुळे मिळते. एकाच शब्दाच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी आहेत. एक वजनकाटा घेऊन, दुसरा दुर्बीण घेऊन.

एकोणिसावे शतक पुढे सरकले, लढाया संपल्या, आणि इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हळूच सरकला. घेण्याची जागा होती, ती आता टाळण्याची जागा झाली. ज्युलिया मेटलंड या इंग्रज न्यायाधीशाच्या पत्नीने मद्रास इलाख्यातून घरी लिहिलेली पत्रे १८४३ मध्ये नाव न देता पुस्तकरूपाने निघाली. त्यांत बंगळूरच्या पेट्ट्याचा एक लहानसा प्रसंग आहे. तिथल्या मडमांनी तिला बजावले, की पेट्टा भयंकर आहे, निव्वळ देशी आहे, तिकडे फिरकूही नये. बाई अर्थातच दुसऱ्या दिवशी तिकडे गेली आणि तिला ते सारे फार पाहण्याजोगे वाटले. या शब्दाच्या इंग्रजी साहित्यातील वापरांत हा सर्वांत माणसाळलेला म्हणावा लागेल. सेनापतींच्या कागदांत पेट्ट्याला तट होता, माणसे नव्हती; या बाईच्या पत्रात प्रथमच कोणी तरी शिडी न लावता, वेशीतून आत गेले.

पण तिच्या मैत्रिणींची दृष्टी अधिक टिकली. छावणीत गोरे, पेट्ट्यात काळे, ही विभागणी शहराशहरांत पक्की झाली. सोलापुरातही छावणी आली आणि तिच्या खुणा ‘सदर बझार’ आणि ‘मोदीखाना’ या नावांत राहून गेल्या. शहराच्या वस्तीला जागा पुरेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या तटाचे मोठे भाग पाडण्यात आले. ज्या तटावर मन्रोच्या शिड्या लागल्या, तो असा गिरण्यांच्या आणि आगगाडीच्या काळात शहरानेच खाली ओढला. तट गेला, तसा इंग्रजी शब्दाचा पायाच गेला.

आता अनुवादाचा प्रश्न. इंग्रजी साधनांवरून मराठीत लिहिणाऱ्यांनी ‘पेट्टा’ला काय म्हणावे? सरसकट ‘पेठ’ लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादी बुधवार पेठ उभी राहते, म्हणजे शहराचा एक वॉर्ड. ‘मन्रोने पेठ जिंकली’ हे वाचून सोलापूरच्या कोणत्या पेठेबद्दल चालले आहे, असा प्रश्न पडला तर तो वाचकाचा अडाणीपणा नव्हे. ‘उपनगर’ लिहिणे तर त्याहून वाईट, कारण मूळ शहरालाच ते उपरे ठरवते. मुंबई इलाख्याच्या महसुली कागदांत ‘पेटा’ असाही शब्द भेटतो. तो तालुक्याच्या पोटविभागाचा, त्याचा या शब्दाशी गोंधळ करू नये. उत्तम मार्ग जुन्या मराठीतच आहे. जिथे तटाविषयी बोलणे आहे, तिथे ‘शहरपन्हा’ म्हणावे. जिथे वस्तीविषयी आहे, तिथे ‘शहर’ म्हणावे. आणि जिथे मूळ लेखकाची नजर दाखवायची आहे, तिथे ‘पेट्टा’ हा शब्द अवतरणात तसाच ठेवावा. गढीला ‘गरी’ आणि दुर्गाला ‘ड्रूग’ म्हणणाऱ्या त्या इंग्रजीचे बाकीचे शब्दही याच पद्धतीने हाताळता येतील. त्यांना घाईने घरी आणू नये. ते जिथे जाऊन आले, तिथली धूळ त्यांच्या अंगावर दिसू द्यावी.

हा आग्रह शब्दच्छल वाटू शकेल. पण गेल्या काही वर्षांत इतिहासप्रेमी तरुणांची पावले किल्ल्यांकडे वळली आहेत, ती अजून पेठांकडे वळलेली नाहीत. किल्ल्याच्या बुरुजाचा चिरा ढासळला की छायाचित्रे फिरतात. ती फिरलीच पाहिजेत. जुन्या कसब्यातला दोनशे वर्षांचा वाडा पाडून तिथे गाळे उभे राहतात, तेव्हा कोणाच्याच भ्रमणध्वनीतून छायाचित्र निघत नाही. सोलापूरचा भुईकोट पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. त्याच्या आसपास जे जुने शहर पसरले आहे, त्यातल्या कोणत्या गल्लीतून शहरपन्हा जात होता, हे दाखवणारा एखादा फलक उभारणे फार खर्चाचे काम नव्हे. इंग्रज सेनापतींच्या नजरेतले शहर आपण त्यांची भाषा सोडल्यावरही तसेच पाहत राहिलो आहोत : मध्ये किल्ला, भोवती काहीतरी वस्ती.

इंग्रजीत ‘पेट्टा’ आज जिवंत आहे तो विशेषनाम म्हणून. कोलंबो शहरात जुन्या किल्ल्याच्या भागाला ‘फोर्ट’ म्हणतात आणि त्याला लागून असलेल्या गजबजलेल्या बाजाराला ‘पेट्टा’. सिंहली लोक त्याच भागाला ‘पिटकोटुव’ म्हणतात, म्हणजे कोटाबाहेरचे. किल्ल्याचे तट तिथेही केव्हाच पाडले गेले. बाजार मात्र पहाटेपासून ओसंडत असतो.

सोलापुरात मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, भवानी पेठ, साखर पेठ, बेगम पेठ आहेत. तट पडल्यानंतरच्या शहराला नवी पेठही मिळाली. आणि एक जोडभावी पेठ आहे. ‘भावी’ म्हणजे कन्नडमध्ये विहीर. दोन विहिरींवरून पडलेल्या त्या नावातला अर्धा भाग कन्नड आहे, अर्धा मराठी, आणि तिथे तेलुगू बोलणारा गिऱ्हाईक त्याच पेठेला ‘पेट’ म्हणून पत्ता विचारतो.